सुपारीचे बेट आणि एक थडगे

परक्या मुलुखात प्रवाशाला पहिला प्रश्न विचारला जातो तो नावाचा नसतो, गावाचा असतो. मलय भाषेत हा प्रश्न दोन शब्दांत मावतो: 'ओरांग माना?' म्हणजे कुठले माणूस? बटरवर्थच्या धक्क्यावरून पिनांग बेटाकडे निघालेल्या फेरीबोटीत शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी तो आम्हांला विचारला आणि आम्ही दोघांनीही, ठरवल्यासारखे, एकाच वेळी 'मुंबई' असे उत्तर दिले. त्यांचे समाधान झाले. मुंबई सर्वांना ठाऊक असते. वास्तविक आम्ही दोघेही मुंबईचे नव्हे. नोकरीच्या निमित्ताने वीस-बावीस वर्षे तिथे राहतो, इतकेच. पण पाण्यावरच्या दहा-पंधरा मिनिटांत पंचगंगेकाठचे एक गाव आणि दुसऱ्या बाजूचे गोव्यातले, घरात फारसे न उच्चारले जाणारे एक गाव, ही सारी हकिगत कोण सांगत बसणार? लहानशी असत्ये प्रवासात सोयीची असतात. ही गोष्ट तेव्हा मनात राहिली नाही. पुढे चार दिवसांनी एका थडग्यापुढे उभे असताना मात्र ती आठवली, आणि त्यासाठीच हे लिहिणे.

'पिनांग' म्हणजे सुपारी. 'पुलाउ पिनांग' म्हणजे सुपारीचे बेट. कोकणातल्या कुठल्याही वाडीला शोभावे असे हे नाव. १७८६ च्या जुलैमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने कॅप्टन फ्रान्सिस लाइट इथे उतरला आणि त्याने बेटाचे नाव बदलून 'प्रिन्स ऑफ वेल्सचे बेट' असे ठेवले. टोकाला वसवलेल्या गावाला राजा तिसऱ्या जॉर्जच्या नावावरून जॉर्जटाउन म्हटले. बेटाचे इंग्रजी नाव काळाच्या ओघात गळून पडले, गावाचे राहिले. लाइटने केडाहच्या सुलतानाला शत्रूपासून संरक्षण मिळेल अशी आशा दाखवून बेट घेतले होते. कंपनीने तसले कोणतेही वचन पाळले नाही. १७९१ मध्ये सुलतानाने बेट परत घेण्याचा प्रयत्न केला आणि तो हरला. वार्षिक रकमेच्या मोबदल्यात बेट कायमचे गेले.

कॉर्नवॉलिस किल्ल्यात लाइटचा पुतळा आहे. तो १९३६ चा. लाइटचे विश्वसनीय चित्र उपलब्ध नसल्याने शिल्पकाराने त्याच्या मुलाचा, विल्यमचा, चेहरा नमुन्यादाखल घेतला असे सांगितले जाते. हा विल्यम म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहराची आखणी करणारा कर्नल लाइट. म्हणजे संस्थापकाच्या खांद्यावर मुलाचे शिर आहे. आणि ज्या स्त्रीमुळे हा मुलगा जगात आला ती मार्टिना रोझेल्स त्या पुतळ्यात कुठेच नाही. ती मिश्रवंशीय, लाइटची आयुष्याची सोबतीण. १७९४ मध्ये तो हिवतापाने वारल्यावर त्याने तिच्यासाठी ठेवलेल्या मालमत्तेतले फारसे काही तिच्या हाती राहिले नाही. पुतळ्यापाशी आम्ही छायाचित्र काढले, टोप्या सावरल्या आणि सावली शोधत गावात शिरलो.

जॉर्जटाउनचे वर्णन मराठी वाचकाला करून सांगावे तर काय सांगावे? एकाच रस्त्यावर, थोड्या थोड्या अंतराने, १८१८ मध्ये उभे राहिलेले सेंट जॉर्ज चर्च, करुणादेवी क्वान यिनचे धुपाने काळवंडलेले मंदिर, मागच्या अंगाला महामारिअम्मनचे देऊळ आणि पुढे कपितान केलिंग मशीद. चर्च बांधताना हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांचे हात लागले होते. मशिदीच्या नावातला 'केलिंग' हा शब्द आपल्या कलिंगापासून आला. समुद्रापलीकडून आलेल्या दक्षिणी माणसाला मलय लोक पूर्वी याच नावाने ओळखत. आज तो माणसाला उद्देशून वापरला तर शिवी ठरतो. मशिदीच्या नावात मात्र तो सन्मानाने नांदतो आहे. एकच शब्द दगडावर मानाचा आणि तोंडात अपमानाचा. भाषेच्या विद्यार्थ्याने तिथे पाच मिनिटे थांबावे.

तसाच दुसरा शब्द जेवणाच्या पानावर भेटतो. 'नासी कांदार' नावाचे जेवण इथल्या तमिळ मुसलमानांनी रूढ केले. नासी म्हणजे भात आणि कांदार म्हणजे खांद्यावरची कावड. एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला कालवणे अशी कावड घेऊन विक्रेते पूर्वी दारोदार फिरत. कावड गेली, आता पंख्याखालची टेबले आणि लांबलचक रांग आहे. वाढणाऱ्या तरुणाने भातावर चार प्रकारचे रस्से एकमेकांत मिसळून ओतले. आम्ही ते वेगळे ठेवण्याची खूण केली तेव्हा तो हसला. मिसळल्याखेरीज ही चव होत नाही, असे त्याने तुटक इंग्रजीत सांगितले. ते बरोबर होते.

गावाच्या पूर्व कडेला समुद्रात खांब रोवून चिनी कुळांनी लाकडी वस्त्या वसवल्या आहेत. एकेका धक्क्यावर एकेका आडनावाची माणसे: च्यूंचा धक्का, लिमांचा धक्का, टानांचा धक्का. तिथे आडनाव हाच पत्ता असतो. आत गावात खू घराण्याचे कुलमंदिर आहे. मूळ वास्तू इतकी दिमाखदार होती की १९०१ मध्ये तिला आग लागली तेव्हा देवांना हा राजेशाही थाट रुचला नाही, असे लोकांनी मानले. आजची वास्तू १९०६ ची, आणि थोडी आवरती घेतलेली, असे सांगतात. ती आवरती असेल तर पहिली कशी होती याची कल्पना करवत नाही. पूर्वजांच्या नावांच्या पाट्या तिथे ओळीने लावलेल्या आहेत. फूच्येन प्रांतातून निघालेल्या या माणसांनी नाव सोडले नाही. उलट, समुद्र ओलांडल्यावर नावालाच घट्ट धरले. आम्ही त्या पाट्यांसमोर बराच वेळ उभे होतो. वाचता एकही येत नव्हती.

आम्ही उतरलो होतो ते घर जुन्या पद्धतीचे होते: खाली दुकान, वर बिऱ्हाड, मध्ये उजेडासाठी उघडा चौक आणि पुढे रस्त्याला लागून छपराखालची वाट. या वाटेला तिथे 'काकी लिमा', म्हणजे पाच फूट, म्हणतात. अशा घरांच्या ओळीच्या ओळी तिथे टिकल्या, त्याचे एक कारण रुक्ष आहे. मलेशियात १९६६ च्या कायद्याने जुन्या इमारतींची भाडी गोठलेली होती. त्यामुळे मालकांना घरे पाडून नवी बांधण्याची सोय नव्हती. पुढे तो कायदा रद्द झाला आणि २००० सालच्या आरंभी भाडी मोकळी झाली. पिढ्यान्‌पिढ्या राहणारे सुतार, सोनार, उदबत्त्या वळणारे, छत्र्या दुरुस्त करणारे गाव सोडून जाऊ लागले. नंतर २००८ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मलाक्का आणि जॉर्जटाउन यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि भिंती पुन्हा रंगल्या.

मुंबईच्या वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल, आणि थोडे उलटेही. आपल्याकडे २००० सालीच नवा भाडे नियंत्रण कायदा अमलात आला, पण त्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण राखले. ढोबळमानाने बोलायचे तर गिरगावात माणसे राहिली आणि इमारती खचल्या. जॉर्जटाउनमध्ये इमारती राहिल्या आणि माणसे गेली. आमच्या खोलीच्या दारावर अजूनही एका कुटुंबाची सोनेरी अक्षरांची लाकडी पाटी होती. ती माणसे आता कुठे असतात, असे विचारले तेव्हा व्यवस्था पाहणाऱ्या मुलीने खांदे उडवले. पाटी मात्र ती रोज पुसत असे. आर्मेनियन स्ट्रीटवर २०१२ मध्ये अर्नेस्ट झकारेविच या चित्रकाराने भिंतीवर दोन मुले काढली आहेत आणि त्यांच्याखाली खरी सायकल जडवली आहे. तिच्यापुढे छायाचित्रासाठी रांग लागते. आम्हीही लागलो. चित्र गोड आहे. त्या रस्त्यावर सायकल चालवणारे एखादे खरे मूल दिसते का, हे पाहायचे आम्हांला रांगेतून बाहेर पडल्यावर सुचले.

आता थडग्याकडे येतो.

गावाच्या उत्तरेला जुने प्रोटेस्टंट कबरस्तान आहे. भिंतीआड, चाफ्याच्या झाडांखाली, हिरव्या शेवाळाने झाकलेले चौथरे. फ्रान्सिस लाइट तिथेच पुरला आहे. पण आम्ही गेलो होतो ते थॉमस लिओनोवेन्स नावाच्या एका अप्रसिद्ध माणसासाठी. मे १८५९ मध्ये तो पिनांगमध्ये एका हॉटेलची व्यवस्था पाहत असताना झटका येऊन वारला. वय तिशीच्या आसपास. मागे राहिली त्याची विधवा आणि दोन लहान मुले. ही विधवा म्हणजे ॲना लिओनोवेन्स, सयामच्या राजवाड्यातली इंग्रज शिक्षिका. तिच्या आठवणींवरून मार्गारेट लँडनने १९४४ मध्ये 'ॲना अँड द किंग ऑफ सयाम' लिहिले आणि त्यावरून १९५१ मध्ये 'द किंग अँड आय' हे संगीतक रंगभूमीवर आले.

ॲनाने स्वतःविषयी जगाला सांगितले ते असे. तिचा जन्म १८३४ मध्ये वेल्समध्ये झाला. वडील सैन्यात कॅप्टन होते. शिक्षण विलायतेत झाले आणि पंधराव्या वर्षी ती हिंदुस्थानात आली. पती सैन्यातला अधिकारी, वाघाच्या शिकारीनंतर उष्माघाताने गेला. शंभरेक वर्षे हे सर्वांनी खरे मानले. १९७० च्या दशकात विल्यम ब्रिस्टो या, मूळच्या कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या, शास्त्रज्ञाने तिच्या मुलाचे चरित्र लिहिताना कागदपत्रे शोधली आणि जाळे उसवले. ॲना जन्मली १८३१ च्या नोव्हेंबरमध्ये, अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. वडील थॉमस एडवर्ड्स हे मुंबई इलाख्याच्या सैन्यात सार्जंट, आणि तिच्या जन्माआधीच वारलेले. आई मेरी ॲन ग्लासकॉट हिंदुस्थानातच वाढलेली. आजीचे नाव कागदांत सापडत नाही. ती एतद्देशीय किंवा मिश्रवंशीय असावी असा चरित्रकारांचा तर्क आहे. १८४९ च्या नाताळात पुण्यात ॲनाने थॉमस लिऑन ओवेन्सशी लग्न केले. तो आयर्लंडचा, पुण्यातल्या लष्करी कचेरीत कारकून. पुढे 'लिऑन' आणि 'ओवेन्स' एकत्र झाले आणि एक भारदस्त आडनाव तयार झाले.

नगर आणि पुण्याच्या छावण्यांत वाढलेल्या मुलीच्या कानावर मराठी पडली नसेल हे संभवत नाही. भाकरी, पाणी, पाऊस हे शब्द तिला ठाऊक असणारच. पुढच्या आयुष्यात ते तिने कुठे ठेवले असतील?

हे सारे आम्ही वर्गात सांगत आलो आहोत. आत्मचरित्र हा विषय शिकवताना ॲनाचे उदाहरण हुकमी ठरते. लेखिकेने 'मी' कसा रचला, वसाहतीच्या समाजात वंश आणि प्रतिष्ठा यांचे गणित काय होते, सत्य आणि कथन यांच्यातली फट कशी वाचावी, हे सर्व तिच्या निमित्ताने मांडता येते. मुलांना हसूही येते. विशेषतः वाघाच्या शिकारीला. आम्हीही त्या हसण्यात सामील असायचो. 'थापाडी बाई' हा शब्द आम्हांपैकी एकाने वर्गात वापरल्याचे स्मरते.

थडग्यापुढे उभे राहिल्यावर ते हसू टिकले नाही. दगड साधा आहे. त्याकडे पाहताना ध्यानात आले की इथे सत्तावीस वर्षांची एक बाई दोन मुलांना घेऊन उभी राहिली असेल. दोन मुले तिने आधीच गमावली होती. हातात पैसा नाही, माघारी जाण्याजोगे माहेर नाही. सिंगापुरात अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढायची तर नगरच्या सार्जंटची, संशयास्पद रक्ताची मुलगी कोणी शिक्षिका म्हणून पत्करली असती? वेल्समध्ये जन्मलेली कॅप्टनची मुलगी पत्करली गेली. १८६२ मध्ये राजा मोंगकुटने तिला बँकॉकला बोलावले ते त्या दुसऱ्या बाईला. पहिली बाई बहुधा या दगडापाशीच मागे राहिली. ते सारे असत्य होते, हे खरेच. पण त्या असत्यावर दोन मुले वाढली.

इथवर आलो असतो आणि थांबलो असतो तर निबंध सोपा झाला असता. पण ॲनाला एक थोरली बहीण होती, एलायझा. ती हिंदुस्थानात राहिली, तिथेच लग्न करून तिथल्याच समाजात विरून गेली. ॲनाने तिच्याशी आणि तिच्या माणसांशी संबंध तोडला, आणि पुढे नात्यातल्या कुणी ओळख काढू पाहिली तेव्हाही तो जोडला नाही. १९१५ मध्ये माँट्रियलला ती वारली तोवर हे व्रत तिने पाळले. ज्या गोष्टीत आपला जन्म वेल्समध्ये झाला, त्या गोष्टीत नगरला जन्मलेली बहीण असून कसे चालेल? एलायझाचा नातू पुढे हॉलिवूडमध्ये गेला आणि त्यानेही नाव बदलले. फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाची भूमिका करणारा बोरिस कार्लोफ तो हा.

आम्हां दोघांपैकी एकाच्या आजीची हकिगत इथे सांगितली पाहिजे. कोणाच्या, ते महत्त्वाचे नाही. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर आजी दोघांचीच असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोव्यातल्या देवळांशी बांधलेल्या घरांतून कितीतरी माणसे मुंबईला आली, शिकली आणि नव्या आडनावाने राहू लागली. आजी त्यांतलीच. ती 'कोकणातली' होती, एवढेच आम्ही लहानपणापासून ऐकले. गावाचे नाव विचारले की ती तांदूळ निवडू लागे. तिची एक धाकटी बहीण गावी राहिली होती. दर वर्षी गणपतीच्या सुमारास तिचे पत्र येई. आजी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाची आणि बंबात टाकी. एकदा ती बहीण स्वतःच आली. हातात फणसाच्या साटांचे पुडके होते. शेजारच्या बाई डोकावल्या तेव्हा आजी म्हणाली, "या आमच्या गावाकडच्या ओळखीच्या." बहीण काही बोलली नाही. चहा घेतला, कपबशी स्वतः विसळून ठेवली आणि संध्याकाळच्या आत निघून गेली. पुढे पत्रे आली नाहीत. हे सर्व आईने सांगितले, तेही आजी गेल्यावर. तेव्हा आई आठ वर्षांची होती आणि दारात उभी होती.

आजीला आम्ही कधी 'थापाडी' म्हटले नाही. म्हणण्याची छाती होणार नाही. तिने ते गाव पुसले म्हणून आई शाळेत गेली, आणि आई शाळेत गेली म्हणून आम्ही आज आत्मचरित्रांवर व्याख्याने देतो. मग ॲनाला ते विशेषण इतक्या सहज कसे लावता आले? ती छापील होती म्हणून? परकी होती म्हणून? की दुसऱ्याच्या आजीविषयी बोलताना समीक्षा सोपी जाते म्हणून?

आणि तरीही, आजीची बाजू घेऊन प्रकरण मिटत नाही. कपबशी विसळणारी ती बाई मिटू देत नाही. स्वतःची गोष्ट नव्याने सांगण्याचा हक्क माणसाला असावा, विशेषतः ज्याची जुनी गोष्ट दुसऱ्यांनीच लिहिली होती त्याला. पण अशा गोष्टीची किंमत बहुधा ती सांगणारा एकटा देत नाही. नव्या गोष्टीत ज्याला जागा नाही तोही ती देतो, आणि त्याला कुणी विचारलेले नसते. एलायझाने दिली, मार्टिनाने दिली, आमच्या दारावरच्या सोनेरी पाटीच्या कुटुंबानेही दिली असावी. त्या मावशीआजीने दिली. आम्हांला तिचे नाव ठाऊक नाही. आईला आठवत नाही, आणि पत्रे बंबात गेली.

ॲनाची कथा राजाची बदनामी करते म्हणून थायलंडने तिच्यावरचे चित्रपट चालू दिले नाहीत. १९९९ च्या चित्रपटाला तिथे चित्रीकरणाचीही परवानगी मिळाली नाही, म्हणून ते मलेशियात झाले आणि जॉर्जटाउनचे काही रस्ते पडद्यावर बँकॉक म्हणून उभे राहिले. पडद्यावरची ॲना सुंदर झग्यात तिथून गेली. त्याच गावात तिचा खरा नवरा चाफ्याखाली होता, शिकार वगैरे काही न केलेला, हॉटेलचे हिशेब पाहता पाहता गेलेला.

निघण्याच्या दिवशी पुन्हा फेरीबोट. या खेपेस शेजारी एक तमिळ आजीबाई होत्या, मांडीवर मोगऱ्याच्या गजऱ्यांची पिशवी. त्यांनी विचारले, कुठले? आम्ही एकमेकांकडे पाहिले. मग आम्हांपैकी एकाने गोव्यातल्या त्या गावाचे नाव घेतले. ते आईने एकदाच सांगितले होते, आणि मोठ्याने उच्चारण्याची ती आमची पहिलीच वेळ होती. आजीबाईंना अर्थातच ते गाव ठाऊक नव्हते. त्यांनी ते एकदा पुटपुटून पाहिले, चुकीचे, आणि मान डोलावली. आम्ही ते दुरुस्त करून पुन्हा सांगितले.